चकाचक फरशी सोडा, हँडपीस मोजा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सासरे 68 वर्षांचे, शुगर आहे, स्टेंट टाकलेलं म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, दोन दाढा काढायच्यात आणि एकीचं रूट कॅनल, सुदामा नगरात घराजवळ दोन क्लिनिक आहेत, एक नवं, एसी, छताला टीव्ही, निळ्या लाइटच्या काचेच्या कपाटात चमकणारी हत्यारं, आणि दुसरे जुने डॉक्टर, भिंतीचा रंग उडालेला, खुर्चीच्या सीटला टेप लावलेला पण हत्यारांचं पाकीट समोर फाडतात. कोणाकडे न्यावं, आणि स्वच्छतेबद्दल विचारलं तर डॉक्टर चिडतील का.

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. चिडले तर तिथून उठा. मी 26 वर्षं इंदूरला प्रॅक्टिस करतेय, इथल्याच सरकारी डेंटल कॉलेजात एमवाय हॉस्पिटलच्या शेजारी शिकले, आणि इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पुरते वीस पेशंटनीसुद्धा विचारला नसेल. भाव सगळे विचारतात, दुखेल का सगळे विचारतात, "मॅडम कॅप कितने साल चलेगी" सगळे विचारतात, पण माझ्या तोंडात जे घालताय ते आधी कोणाच्या तोंडात होतं हे कोणी विचारत नाही.

आपल्या इंदूरची गंमत अशी की 2017 पासून स्वच्छतेत नंबर वन म्हणून आपली नजर फरशीवर फार तयार झालीय. फरशी चमकते म्हणजे क्लिनिक स्वच्छ. तर हे डोक्यातून काढा. फरशीवरनं कोणाला कावीळ होत नाही. पांढऱ्या कावीळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तात 7 दिवस जिवंत राहतो, आणि तो थेंब डोळ्याला दिसतही नाही. तेव्हा चमक बघू नका, हिशोब बघा.

हिशोब म्हणजे काय ते सांगते. दात कोरायचं जे मशीन असतं, टर्रर्र आवाज करणारं, त्याला आम्ही एअर रोटर किंवा हँडपीस म्हणतो. मिनिटाला 3 ते 4 लाख फेरे घेतं. ते बंद होताना आत किंचित ओढ निर्माण होते आणि पेशंटच्या तोंडातली लाळ, रक्त जराजरासं आतल्या नळीत खेचलं जातं. पुढच्या पेशंटसाठी सुरू केलं की तेच फवाऱ्याबरोबर बाहेर. म्हणून बाहेरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं हँडपीस म्हणजे तोंड धुतलेला पण दात न घासलेला माणूस. ते प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनमध्ये, गेलंच पाहिजे. आता धुणं, तेल देणं, पाऊचमध्ये सील करणं, मशीनचं सायकल, सुकणं, गार होणं, सगळं धरून तास सव्वा तास कुठे गेला नाही. संध्याकाळी 5 ते 9 प्रॅक्टिस, बारा पेशंट, त्यातल्या आठांना हँडपीस लागणार, आणि क्लिनिकमध्ये हँडपीस दोन. कसं जमेल सांगा बरं? जमत नाही. जमवतात ते पुसून जमवतात. साधं हँडपीस तीन-चार हजाराला येतं, चांगल्या कंपनीचं तीस-चाळीस हजाराच्या घरात, आणि सारखं ऑटोक्लेव्ह केलं की त्याची बेअरिंग लवकर जाते, म्हणून जीवावर येतं, मलाही येतं. पण मग छताला टीव्ही लावायला पैसे कुठून येतात?

त्यामुळे तुम्ही एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा: तुमच्याकडे हँडपीस किती आहेत. उत्तर आठ-दहा आलं तर निम्मं काम झालं. "अहो आम्ही सगळं स्टरलाइज करतो" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही.

आता ऑटोक्लेव्ह. हा दुसरं तिसरं काही नसून आपला कुकर आहे. 121 डिग्री, 15 पौंड प्रेशर, निदान 15 ते 20 मिनिटं, किंवा 134 डिग्रीला 3-4 मिनिटं, वर सुकवायचा वेळ. पूर्वी खरंच कित्येक क्लिनिकात घरचाच कुकर असायचा, शिटीसकट. आई कुकर लावताना आधी नळीतनं वाफ येऊ द्यायची आणि मग शिटी ठेवायची ना, का? तर आतली हवा निघून जावी म्हणून. हवा अडकली की वाफ तिथे पोचत नाही, आणि वाफ नाही पोचली तर नुसत्या गरम हवेने एवढ्या वेळात काही मरत नाही. हँडपीसच्या आत बारीक नळ्या, तिथली हवा आपोआप निघत नाही, म्हणून ज्याला बी क्लास म्हणतात ते मशीन लागतं, ते आधी पंपाने हवा खेचून घेतं आणि मग वाफ सोडतं. साधं मशीन चिमटे, आरसे, दात काढायचे फोर्सेप यांना उघडे असतील तर ठीक. बी क्लास लाखाच्या वर जातं. पण तुम्ही मशीनचा क्लास तपासायच्या भानगडीत पडू नका, फक्त "ऑटोक्लेव्ह दाखवता का" म्हणा, चांगला डॉक्टर हौसेने दाखवतो, आम्हाला कोणी विचारलं की उलट बरं वाटतं.

निळ्या लाइटचं कपाट. ताई, ते यूव्ही चेंबर. त्यात काही स्टरलाइज होत नाही. आधी स्टरलाइज केलेलं ठेवायची ती जागा, बस. लाइट जिथे पडतो तिथलेच जंतू मरतात, हत्यार उलटं असलं की खालची बाजू तशीच. त्यातून उघडं हत्यार हाताने काढून ट्रेवर ठेवलं तर त्या कपाटाचा उपयोग देवघरातल्या लाइटिंगइतका. हीच गत उकळत्या पाण्याची, 100 डिग्रीला बीजाणू, म्हणजे काही जंतूंची झोपलेली चिवट रूपं, मरत नाहीत. आणि हिरवट-पिवळट, उग्र वासाच्या द्रावणात बुडवून ठेवतात, ग्लुटराल्डिहाइड, त्यात 2 टक्क्याच्या द्रावणात खरं निर्जंतुक व्हायला 10 तास लागतात, वीस मिनिटं बुडवलं तर बरेचसे मरतात, सगळे नाही. दोन पेशंटच्या मध्ये 10 तास कोणाकडे असतात?

पाऊचबद्दल लोक आता थोडे हुशार झालेत, समोर फाडा म्हणतात, छान. पाऊचवर एक छोटी पट्टी असते, वाफेत गेली की रंग बदलते. रंग बदललाय का बघा. पण माझाच किस्सा सांगते म्हणजे या पट्टीवर किती विसंबायचं ते कळेल. काही वर्षांपूर्वी माझ्या मशीनच्या दाराचं रबर कडक झालं होतं, बारीक वाफ सुटायची, मला पत्ता नाही. पट्ट्या रोज इमानदारीत रंग बदलत होत्या. आम्ही आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट करतो, म्हणजे वाफेला सगळ्यात चिवट असा जो जीवाणू आहे त्याचे बीजाणू भरलेली छोटी कुपी मशीनमध्ये हत्यारांबरोबर ठेवायची आणि मग ती उबवणीत ठेवून बघायचं. मेले असतील तर कुपी जांभळीच राहते. त्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी ती पिवळी. माझ्या पोटात गोळा आला, खरंच. क्लिनिक दोन दिवस बंद, रबर बदललं, सगळी हत्यारं परत केली, मागच्या आठवड्यात ज्यांचे दात काढले होते त्या अकरा जणांना मी स्वतः फोन केला, तपासण्या माझ्या खर्चाने. सुदैवाने कोणाला काही नाही. पण दोघांनी नंतर कधीच तोंड दाखवलं नाही आणि मला त्यांचा रागही आला नाही. पट्टी एवढंच सांगते की पाऊच गरम वाफेत जाऊन आलं. आत मेले का हे फक्त कुपी सांगते. अमेरिकेत 2013 मध्ये टल्सा शहरात एका दात-सर्जनच्या जवळजवळ 7 हजार पेशंटना रक्त तपासून घ्या म्हणून सांगावं लागलं, तिथे ऑटोक्लेव्हची ही टेस्ट 6 वर्षं झालीच नव्हती.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते, इंजेक्शनची बाटली. परदेशात सुन्न करायच्या औषधाची छोटी काचेची नळी येते, 1.8 मिलीची, एका पेशंटला एक, उरलं तर फेकायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 30 मिलीची बाटली, एकीत पंधरा-वीस जणांचं काम होतं. स्वस्त पडते, मीही वर्षानुवर्षं वापरली. धोका बाटलीत नाही, सवयीत आहे. पेशंटला इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांनी म्हणतो अजून दुखतंय, डॉक्टर घाईत तीच सिरिंज परत बाटलीत खुपसतो, सुई बदलली तरी सिरिंज तीच, झालं, आता त्या बाटलीत त्या पेशंटचा अंश गेला आणि पुढच्या पंधरा जणांना तो वाटला जाणार. सासऱ्यांना दुसऱ्यांदा इंजेक्शन द्यायची वेळ आली तर बघा, नवी सिरिंज नवं पाकीट फोडून घेतात का. त्यांच्यासाठी नाही, त्यांना तर त्यांचंच परत मिळणार, पण ही सवय असेल तर त्यांच्या आधीच्या पेशंटच्या वेळीही असणार ना.

सलाईनचंही तसंच. तामिळनाडूत वाणियमबाडीला एका डेंटल क्लिनिकमध्ये गेलेल्या 10 जणांना 2022-23 मध्ये मेंदूचा मेलिऑइडोसिस, म्हणजे माती-पाण्यातल्या एका जीवाणूचा संसर्ग, झाला आणि त्यातले 8 गेले. आठ जण, दाताच्या कामासाठी गेलेले! तपासात निघालं काय तर सलाईनची बाटली हिरडी सोडवायच्या हत्याराने भोक पाडून उघडायची, बोळा नाहीतर काही लावून ठेवायची, आणि तीच परत परत वापरायची. कसलं मोठं मशीन नाही, पंचवीस-तीस रुपयांची बाटली. तेव्हापासून मी क्लिनिकमधल्या माझ्या असिस्टंट पोरींना सांगून ठेवलंय की दात काढायला बसलेल्या पेशंटसाठी सलाईन नवं, उरलेलं बेसिनमध्ये, मला विचारायचंसुद्धा नाही.

पाणी. हँडपीसमधून जे पाणी उडतं ते कुठून येतं? खुर्चीच्या आतल्या बारीक प्लास्टिकच्या नळ्यांतून, आणि त्या नळ्यांमध्ये रात्रभर पाणी साचून आत बुळबुळीत थर धरतो, माठाच्या तळाला धरतो तसा. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांची एक बाई लिजिओनेला न्यूमोनियाने गेली, जंतू सापडला दातांच्या खुर्चीच्या पाण्यात. आपल्याकडे नर्मदेचं पाणी टाकीत चढवतात, काही ठिकाणी बोरिंगचं मिसळतं, ते सरळ खुर्चीला जोडलेलं असतं. चांगल्या क्लिनिकात खुर्चीला वेगळी बाटली लावलेली दिसेल, त्यात डिस्टिल्ड नाहीतर उकळून गार केलेलं पाणी, नळ्यांना ठरावीक दिवसांनी औषध, आणि दोन पेशंटच्या मध्ये 20-30 सेकंद पाणी नुसतंच सोडून देतात. सासऱ्यांना शुगर आहे, वय आहे, म्हणून हे जरा लक्ष देऊन बघा, आणि दाढ काढताना हाड कोरायची वेळ आली तर नळाचं पाणी अजिबात नको, तिथे निर्जंतुक सलाईनच.

ग्लोव्ह्जचं तुम्ही लिहिलंय की नव्या क्लिनिकमध्ये डॉक्टरने ग्लोव्ह्ज घालूनच मोबाइल उचलला. ही माझ्या मते टेप लावलेल्या सीटपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ झाला असं नाही, ग्लोव्ह्ज म्हणजे आता हा हात फक्त या तोंडाचा. त्याने ड्रॉवर उघडला, फोन घेतला, लाइटची मूठ धरली की सगळीकडे लाळ फिरली. नवीन पोरांना हे कॉलेजात शिकवतात आणि प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षात विसरतात. (जुनेही काही कमी नाहीत, एक सीनियर माझ्या डोळ्यांदेखत ग्लोव्ह्ज साबणाने धुऊन पुढच्या पेशंटला वापरायचे, नाव नाही घेत.) टेप लावलेली सीट मात्र बदलायला सांगा हळूच, फाटक्या रेक्झिनच्या आत पुसणं पोचत नाही.

कचऱ्याचं आपल्याला कौतुक, सकाळी गाडी आली की ओला सुका वेगळा करून उभे राहतो. क्लिनिकमध्येही तेच, 2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांनी चार रंग, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, ग्लोव्ह्ज आणि प्लास्टिक लाल, सुया पांढऱ्या टोचता न येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि 48 तासांच्या वर साठवायचं नाही, त्याची वेगळी गाडी येते. एक सरळ साधा डस्टबिन ठेवून त्यात सगळं टाकत असतील तर ती सुई उद्या कचरा वेचणाऱ्या कोणाच्या तरी हाताला लागणार आहे. हे क्लिनिक तुमची काळजी घेतंय का याचा अंदाज मी डस्टबिनवरून लावते.

एक्स-रेला लोक उगीच घाबरतात. दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट, आपल्याला हवेतून, जमिनीतून, भिंतीतून रोज आपोआप मिळतं ते सहा-साडेसहा. मशीन एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, रजिस्टर्ड असायला हवं, आणि रेडिएशनचं चिन्ह दिसायला हवं, एवढं पुरे. फक्त काही नसताना सरसकट थ्रीडी स्कॅन काढायला सांगितला तर कशासाठी विचारा, त्याचा डोस बराच जास्त असतो आणि बिलही.

सर्टिफिकेटं भिंतीवर बघाच. स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि मध्य प्रदेशात 1973 चा उपचारगृहांचा कायदा आहे त्याखाली सीएमएचओचं, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचं, रजिस्ट्रेशन. नंबर नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही, झोलाछाप समजा. फ्रेममध्ये नुसते परदेशी कोर्सचे फोटो असतील तर ते दोन दिवसांच्या कोर्सचेही असतात बरं का. एनएबीएच या दवाखान्यांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन आता डेंटलला पण मिळतं, असेल तर चांगलंच, पण गल्लीतल्या एका खुर्चीच्या क्लिनिककडे ते नसणारच, म्हणून ते वाईट होत नाही.

आता माझी युक्ती. डॉक्टरला विचारायच्या ऐवजी असिस्टंटला विचारा. डॉक्टर बोलायला तयार असतो, हत्यारं खरं तर तीच पोरगी धुते. आपल्या इंदूरी थाटात सहज, "बेटा ये मशीन कितनी देर चलाते हो?" म्हणायचं. ती पटकन म्हणाली "आंटी पूरा चालीस पैंतालीस मिनट, बीच में खोलना नहीं" तर काम होतंय. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघायला लागली तर समजून घ्या. आणि तिला हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं दिलीत का हेही विचारता आलं तर विचारा, शून्य, एक आणि सहा महिन्याला असतात. सुई टोचण्याची पाळी तिच्यावर आधी येते, आणि लस न घेतलेल्याला बीच्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायचा धोका 30 टक्क्यांपर्यंत असतो. स्वतःच्या माणसाला जो लस देत नाही तो तुमच्या सासऱ्यांचं काय बघणार.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मी जुन्या डॉक्टरांकडे नेईन. हँडपीसचा प्रश्न आणि असिस्टंटचा प्रश्न हे दोन तिथेही विचारा, उत्तरं पटली नाहीत तर तिसरं क्लिनिक शोधा, शहरात कमी नाहीत, नाहीतर सरळ डेंटल कॉलेजात न्या, लाइनीत उभं राहावं लागेल पण तिथे सर्जरीचे लोक बाजूलाच असतात. रूट कॅनलला रबर डॅम लावता का हेही विचारून घ्या, दाताभोवती रबराचा पडदा असतो तो, त्याने लाळ आत जात नाही आणि मुख्य म्हणजे सुईएवढी फाईल घशात पडत नाही. बरेच जण वेळ वाचवायला लावत नाहीत.

सासऱ्यांचं स्वतंत्र. स्टेंट आहे तेव्हा अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे गोळ्या तुमच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नका, त्या बंद केल्याने दाढेतून रक्त कमी येईल पण स्टेंट बंद पडायची भीती, आणि दाढेचं रक्त आम्ही टाके घालून, दाबून थांबवू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. वॉर्फरिनच्या जातीची गोळी असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा रिपोर्ट. दोन्ही दाढा एकाच दिवशी काढायचा आग्रह नको, आधी एक. सकाळची वेळ घ्या, पोहे-बिहे नीट नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच, उपाशी अजिबात नाही, अर्धे चक्कर येणारे पेशंट उपाशी आलेले असतात. खुर्चीत बसवल्यावर बीपी मोजतात का बघा, ऑक्सिजनचा सिलेंडर आहे का नजर टाका, भरलेला आहे का विचारा हसत हसत.

काढल्यावर बोळा पाऊण तास घट्ट चावून ठेवायचा, मधेमधे काढून बघायचा नाही, थुंकायचं नाही, त्या दिवशी गुळण्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आईस्क्रीम चालेल, सासऱ्यांसाठी बिनसाखरेचं. आणि रात्री पोरं सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, निघाली तर सासऱ्यांना घरीच ठेवा, गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणि ताजा खड्डा यांचं जमत नाही.

संध्याकाळी रक्त थांबेना झालं तर ओली टी-बॅग, हो, चहाचीच, चावायला द्या आणि लगेच डॉक्टरांना फोन. आधी नंबर घेऊन ठेवा, रात्री उचलतात का तेही विचारून.